शोधाचे निकाल 'आपल्यापुरते' बदलतात, त्याचा सामान्य माणसाला खरंच उपयोग होतो का?

कोरा कागद

गेल्या आठवड्यात मी आणि बहीण शेजारी बसून एकच गोष्ट शोधत होतो. दोघींच्या हातात आपापले फोन, टंकलेले शब्द अगदी तेच. तरी तिच्याकडे तिसरा आलेला दुवा माझ्याकडे सातवा होता आणि तिचा एक दुवा माझ्या पहिल्या पानावर नव्हताच. ती म्हणाली, "तुला जे पटतं तेच दाखवतंय ते." हे वाक्य मला लागलं. आम्ही एका औषधाच्या दुष्परिणामांबद्दल शोधत होतो. तिथे मला पटेल ते नको होतं, खरं असेल ते हवं होतं.

मग दोन-तीन रात्री बसून या विषयावर हाती लागेल ते वाचून काढलं.

ही गोष्ट कालपरवाची नाही. गूगलने लॉग-इन केलेल्यांसाठी पर्सनलाइज्ड शोध, म्हणजे माणूस पाहून निकालांचा क्रम लावणारा शोध, २००५ च्या सुमारास आणला आणि ४ डिसेंबर २००९ रोजी तो सगळ्यांनाच लागू केला. म्हणजे खातं नसलं तरी ब्राउझरमधल्या कुकीच्या (संकेतस्थळाने तिथे ठेवलेल्या छोट्या नोंदीच्या) आधारे मागच्या १८० दिवसांतले शोध लक्षात घेऊन निकाल लावले जाणार. आपल्यातल्या बहुतेकांनी हे कधी मागितलं नव्हतं आणि कधी सुरू झालं तेही आपल्याला कळलं नाही.

मग फरक पडतो तरी किती? अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली हे मोजलं. दोनशे लोकांच्या खऱ्या खात्यांवरून ठरावीक शब्द शोधले गेले. त्याच क्षणी काही कोऱ्या खात्यांवरूनही तेच शोध करून घेतले, म्हणजे यंत्राकडून उगाच होणारी खालीवर वजा करता यावी. ती वजा केल्यावर माणसागणिक पडणारा फरक सरासरी ११.७ टक्के निघाला. पानावर दहा दुवे धरले तर साधारण एक. वरच्या क्रमांकांना तो कमी, खालच्यांना जास्त. गूगलच्या बाबतीत त्याची ठळक कारणं दोनच सापडली: माणूस लॉग-इन आहे की नाही, आणि तो कुठे बसला आहे. त्यांनी मुद्दाम बनवलेल्या चाचणी-खात्यांत वय, लिंग किंवा आधीचे शोध यांमुळे दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही.

हे वाचून भीती बरीच उतरली, पण मूळ प्रश्न राहिलाच. थोडासाच का होईना, जो फरक पडतो तो माझ्या कामाचा आहे का?

माझं मत सांगते. शोधपेटीत शब्द टाकते तेव्हा मला काय हवंय ते मी स्वतःच सांगितलेलं असतं. गाणी किंवा व्हिडिओ सुचवणाऱ्या यंत्राला माझी आवड ओळखावी लागते, कारण तिथे मी काहीच विचारलेलं नसतं. शोधाचं तसं नाही. त्यामुळे माझ्या स्वभावाचा अंदाज बांधून केलेली मदत शोधात फारशी कामाची नाही असं मला वाटतं. उपयोग होतो तो दोन ठिकाणी. एक, माझे शब्दच अपुरे किंवा दुहेरी अर्थाचे असतात तेव्हा. 'पाठ' असा एकच शब्द टाकला तर दुखणारी पाठ हवी की पुस्तकातला पाठ, हे मी कोण आहे यावर ठरतं. दोन, पूर्वी सापडलेलं पान पुन्हा हवं असतं तेव्हा.

तुमचे अनुभव काय आहेत? कुणाला याचा ठळक फायदा किंवा तोटा झाला आहे का?

बोरू

चांगला धागा. एका संस्थेच्या अंतर्गत कागदपत्रांसाठी शोधाची सोय बांधायच्या कामात मी काही वर्षं होतो, म्हणून थोडं आतलं सांगतो.

आधी तुमच्या बहिणीचं वाक्य. दोन फोनवर वेगळे निकाल दिसले की ते आवडीमुळेच, असं लगेच धरू नका. एकाच मिनिटाला केलेले दोन शोध वेगवेगळ्या डेटा सेंटरकडे जाऊ शकतात आणि सगळीकडची अनुक्रमणिका, म्हणजे शोधता येणाऱ्या पानांची यादी, एकाच क्षणी अद्ययावत होत नाही. शिवाय नव्या क्रमवारीच्या चाचण्या सतत चालू असतात. काही लोकांना एक क्रम, काहींना दुसरा, आणि कुठल्या क्रमावर लोक जास्त समाधानी होतात ते पाहिलं जातं. तुम्ही एका गटात आणि बहीण दुसऱ्या गटात असाल. एकीचा फोन वायफायवर, दुसरीचा मोबाइल डेटावर असेल तर यंत्राला दोघी वेगळ्या ठिकाणी दिसू शकतात. संशोधकांना ती कोरी खाती ठेवावी लागली ती यासाठीच.

आता प्रत्यक्षात होतं कसं? तुमच्यासाठी वेगळं जग उभं केलं जात नाही. सगळ्यांसाठीचे निकाल आधी काढले जातात आणि मग त्यातल्या वरच्या काहींची जागा खालीवर होते. माहीत नसलेलं पान आवडीमुळे उगवत नाही आणि चांगलं पान सहसा नाहीसं होत नाही. ते खाली सरकू शकतं. अर्थात आपण पहिल्या चार-पाच दुव्यांपलीकडे क्वचित जातो, त्यामुळे सरकणं हीसुद्धा छोटी गोष्ट नाही, हे मान्य.

उपयोगाबद्दल तुमचा अंदाज संशोधनाशी जुळतो. २००७ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एमएसएन या कंपनीच्याच शोधयंत्राच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांनी प्रत्येक शोधशब्दासाठी पाहिलं की लोक साधारण एकाच दुव्यावर जातात की दहा दिशांना विखुरतात. जिथे विखुरतात तिथे पर्सनलायझेशनने चांगली सुधारणा झाली. जिथे सगळे एकाच ठिकाणी जातात, उदाहरणार्थ एखाद्या संकेतस्थळाचं नावच टाकलं असेल, तिथे फायदा जवळजवळ शून्य, आणि काही पद्धतींनी तर निकाल बिघडले. सरसकट सगळ्यांवर, सगळ्या शोधांवर ते लावणं चुकीचं, असा त्याचा अर्थ.

आणखी एक. २०१२ साली बिंग या शोधयंत्राच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात दिसलं की तुमचा जुना इतिहास शोधाला बसल्या बसल्या, पहिल्या प्रश्नाला जास्त कामी येतो. त्याच बैठकीत तुम्ही पुढे शोधत गेलात की आत्ताच विचारलेले दोन-तीन प्रश्न जास्त बोलके ठरतात. आमच्याकडेही तेच दिसलं. पाच मिनिटांपूर्वी माणसाने काय विचारलं हे कळलं की अर्धं काम होतं. तीन वर्षांपूर्वी काय विचारलं होतं ते कळून जवळपास काहीच होत नाही.

शब्दवेल

अनुवादाचं काम करते, दिवसातले पाच-सहा तास शोधण्यातच जातात. भाषेचा मुद्दा अजून कुणी मांडला नाही म्हणून लिहिते.

देवनागरीत 'शिक्षा' हा एकच शब्द टाकून पाहा. मराठी माणसाला दंड किंवा सजा हवी असते, हिंदी भाषिकाला शिक्षण. अक्षर न् अक्षर तेच, अर्थ वेगळा. 'चेष्टा' घ्या. आपल्याकडे थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठी, हिंदी, नेपाळी या तिन्ही भाषांची लिपी एकच, आणि एका शब्दाच्या प्रश्नावरून कुठलं यंत्र भाषा ओळखणार? इथे माझ्याबद्दल काहीतरी माहीत असल्याशिवाय त्याला बरोबर उत्तर देताच येणार नाही. मी मराठी पानं उघडते, मराठीत लांबलचक वाक्यं टाकते, एवढं त्याने लक्षात ठेवलं तर मला हवंच आहे.

आणि नेमकं हेच नीट होत नाही. फोनची भाषा मराठी, शोधाची भाषा मराठी, तरी लहान प्रश्नाला हिंदी पानांची रांग लागते, कारण ती पानं संख्येने कितीतरी जास्त आहेत. मग मी शब्दाच्या मागे 'म्हणजे काय' किंवा 'अर्थ मराठी' जोडते. ज्यांच्या भाषेत पानं कमी त्यांना या सोयीची गरज सगळ्यात जास्त आहे आणि त्यांच्यापर्यंतच ती सगळ्यात कमी पोचते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक वाटसरू

सगळे इतके निर्धास्त कसे, कळत नाही. फायदा-तोटा बाजूला ठेवा, प्रश्न तत्त्वाचा आहे. दोन माणसांनी एकच प्रश्न विचारला तर दोघांना एकच उत्तर मिळालं पाहिजे. विश्वकोशाचं पान वाचणाऱ्याप्रमाणे बदलत नाही. 'फिल्टर बबल' हा शब्द २०११ पासून प्रचारात आहे आणि त्यामागची भीती खोटी नाही. एका विचाराचा माणूस तेच तेच वाचत गेला की त्याला वाटतं जगही तसंच आहे. निवडणुकीच्या काळात हे किती घातक ठरेल?

शिवाय २०१८ मध्ये डकडकगो या शोधयंत्राने ८७ जणांना एकाच वेळी तेच शब्द शोधायला लावले होते. खाजगी खिडकीतून आणि लॉग-आउट करूनही लोकांना वेगवेगळे निकाल दिसले. याचं काय?

बोरू

वाटसरू, तुमची काळजी मला पटते, पण शोधाच्या बाबतीत पुरावा तुम्ही म्हणता त्या दिशेला जात नाही.

डकडकगो स्वतः माग न ठेवणारं शोधयंत्र विकतं, हे आधी लक्षात घ्यावं. त्यांनी नोंदलेला फरक खरा असेल, पण तो आवडीमुळे पडला की वर सांगितलेल्या खालीवरीमुळे, हे त्या प्रयोगातून वेगळं काढणं अवघड आहे. लॉग-आउट केल्यावरही फरक तसाच राहिला यावरून मी उलट निष्कर्ष काढेन: तो खात्यातल्या इतिहासामुळे नसावा. गूगलनेही त्याच वर्षी सांगितलं होतं की ते निकाल फार थोडे बदलतात, मुख्यतः ठिकाण आणि लगेच आधीचा शोध पाहून. कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. म्हणून बाहेरच्या लोकांनी केलेलं पाहा.

२०१७ च्या जर्मन निवडणुकीआधी अल्गोरिदमवॉच या संस्थेने आणि काही संशोधकांनी चार हजारांहून जास्त स्वयंसेवकांच्या ब्राउझरमध्ये एक छोटं साधन बसवून घेतलं. ते दिवसातून अनेकदा पक्षांची आणि प्रमुख नेत्यांची नावं शोधायचं. लोकांना मिळालेले निकाल बहुतांशी सारखेच निघाले. पक्षांच्या नावांना फरक जास्त होता, पण तो प्रामुख्याने ठिकाणाचा, म्हणजे जवळच्या शाखेचं पान वर येण्याचा. २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने अमेरिकेतल्या २०१८ आणि २०२० च्या निवडणुकांच्या वेळी गूगलने दाखवलेलं आणि लोकांनी स्वतः निवडलेलं यांची तुलना केली. लोकांनी जे उघडलं ते दाखवलेल्यापेक्षा जास्त एकांगी होतं.

बुडबुडा आहे, पण तो बराचसा आपण शब्द कसे निवडतो आणि कशावर बोट ठेवतो यातून तयार होतो. 'अमुक औषधाचे फायदे' आणि 'अमुक औषधाचे धोके' असं शोधणाऱ्यांना वेगळं वाचायला मिळणारच. त्याला इतिहासाची गरज नाही.

निळावंती

मी सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

आईच्या आजारपणात मी रोज रात्री शोधत असे. आजाराचं नाव, औषधं, आहार, शेवटच्या दिवसांत काय करायचं. ती गेल्यावर मी शोधणं थांबवलं, पण फोन थांबला नाही. कित्येक आठवडे मला त्या आजाराच्या उपचारांच्या जाहिराती, 'या पाच लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका' असे लेख, व्हीलचेअर, सगळं येत राहिलं. सकाळी हवामान पाहायला फोन उघडावा आणि समोर तेच. एका जाहिरातीवर 'हे दाखवू नका' असं केलं की दुसरी यायची. त्या यंत्राला मी काय शोधलं ते आठवत होतं, पण ते का थांबलं हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता.

मला पर्सनलाइज्ड शोधाचा उपयोग आहे की नाही हे सांगता येणार नाही. लक्षात ठेवणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र तेव्हा फार जवळून कळलं.

कोरा कागद

निळावंती, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही.

सांजवारा

निळावंतीताई, फार वाईट वाटलं. तुमच्या लिहिण्यातून एक गोष्ट नीट वेगळी काढली पाहिजे असं वाटतं, म्हणून पुढे लिहितो, राग मानू नये. शोधाच्या निकालांचा क्रम ही एक गोष्ट. शोधावर बेतलेल्या जाहिराती ही दुसरी. आणि न मागता समोर येणारी लेखांची रांग ही तिसरी. तिघांच्या मुळाशी माहिती तीच असते, पण पहिलीत ती अगदी थोडी वापरली जाते, दुसऱ्या-तिसरीत भरपूर. 'तुम्हाला चांगले निकाल मिळावेत म्हणून' असं सांगून नोंदी ठेवल्या जातात आणि त्यांचा मोठा वापर होतो जाहिरातींत. सामान्य माणसाला उपयोग किती, असा प्रश्न असेल तर हा हिशेब मांडायलाच हवा. देणं भरपूर आणि घेणं एखाद्या दुव्याची हालचाल.

माझा स्वतःचा अनुभव वेगळाच आहे. आमच्या घरी एक टॅबलेट आणि त्यावर एकच खातं. त्यावर मुलगी गृहपाठ करते, वडील बातम्या वाचतात, मी कामाचं पाहतो. यंत्राच्या लेखी हा एकच माणूस आहे, जो सकाळी निवृत्तिवेतनाचे नियम शोधतो, दुपारी अपूर्णांकांची वजाबाकी आणि रात्री करारनाम्याचे नमुने. पर्सनलायझेशनवर लिहिणारे 'युजर' म्हणतात तेव्हा एक माणूस, एक यंत्र असं धरून चालतात. पुष्कळ घरांत तसं नसतं.

पानगळ

मी ग्रंथालयात काम करते. वाटसरू म्हणाले त्या 'सर्वांना एकच उत्तर' या मुद्द्यावर थोडं.

एकच प्रश्न घेऊन आलेल्या दोन वाचकांना मी एकच पुस्तक देत नाही. 'ग्रहणावर काही आहे का' असं दहा वर्षांच्या मुलाने विचारलं तर वेगळं, पदवीच्या विद्यार्थ्याने विचारलं तर वेगळं. यात अन्याय नाही. पण मी ते देण्याआधी विचारते: कशासाठी हवंय, किती खोलात जायचंय? ओळखीचा वाचक असला तरी विचारते, कारण नेहमी कादंबऱ्या नेणारा माणूस आज मुलाच्या तापाबद्दल वाचायला आलेला असू शकतो. त्याला त्याच्या आवडीवरून कादंबरी काढून देणं म्हणजे त्याचं न ऐकणं.

शोधयंत्र विचारत नाही, गृहीत धरतं, आणि गृहीत धरल्याचं सहज दिसेल असं सांगतही नाही. माझा आक्षेप एवढाच आहे. वर एक ओळ असावी: 'तुमच्या जुन्या शोधांवरून हा क्रम लावला आहे, नको असेल तर इथे बदला.' मग मी खुशाल ती सोय वापरेन.

आणखी एक सांगते. अनेक ग्रंथालयांच्या प्रणालींत पुस्तक परत आलं की वाचकाचं नाव त्या पुस्तकापासून तोडून टाकतात. कुणी काय वाचलं हे इतर कुणाला कळू नये म्हणून. त्यामुळे पुढच्या वेळी शिफारस करणं आम्हाला थोडं अवघड जातं. ते चालतं.

तिसरा प्रहर

वाखूसा (वाचनखूण साठवली). पानगळ यांच्या प्रतिसादाला +१.

नोंदी ठेवण्याच्या धोक्याबद्दल २००६ चं प्रकरण इथे नोंदवून ठेवतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांचे जवळपास दोन कोटी शोध जाहीर केले. नावं काढून प्रत्येकाला फक्त एक क्रमांक दिला होता. पण माणूस आपलं गाव शोधतो, आडनाव शोधतो, दुखणी शोधतो. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी एका क्रमांकामागची व्यक्ती शोधून तिचं दार ठोठावलं. माहिती मागे घेतली गेली, पण तोवर तिच्या प्रती सगळीकडे गेल्या होत्या. आपल्या शोधांची यादी ही आपल्या रोजनिशीपेक्षा खाजगी असते, कारण रोजनिशीत आपण थोडं सावरून लिहितो.

शब्दवेल

पुन्हा सापडण्याच्या मुद्द्याला दुजोरा द्यायचा राहिला. माझ्या कामात निम्म्या वेळा मी आधी पाहिलेलंच पान परत शोधत असते. याहूच्या वर्षभराच्या नोंदींवर २००७ साली एक अभ्यास झाला होता. नमुना लहान, ११४ जण. पण त्यात सुमारे ४० टक्के शोधांमध्ये माणूस पूर्वी उघडलेल्याच दुव्यावर परत गेल्याचं दिसलं. म्हणजे शोधपेटी ही आपण वाचनखुणेसारखी वापरतो. 'हे पान तुम्ही अमुक तारखेला पाहिलं होतं' एवढी बारीक ओळ दुव्याखाली दिसली की माझी दहा मिनिटं वाचतात. आणि ही सोय ब्राउझरमधल्या हिस्टरीवर, म्हणजे माझ्याच यंत्रात राहणाऱ्या नोंदीवर चालू शकते. त्यासाठी कुठल्याही सर्व्हरला माझी आठवण ठेवायची गरज नाही.

बोरू

अगदी. हे तांत्रिकदृष्ट्या अवघडही नाही.

एक वाटसरू

माझं मत थोडं बदललं, हे कबूल करतो. भाषा आणि ठिकाण यांवरून बदल झाला तर हरकत नाही, तो मलाही दिसतो आणि समजतो. न दिसणाऱ्या बदलाला माझा विरोध कायम आहे. युरोपीय महासंघाच्या डिजिटल सेवा कायद्यात मोठ्या शोधयंत्रांनी आणि मंचांनी प्रोफाइलवर, म्हणजे माणसाबद्दल जमवलेल्या माहितीवर, न बेतलेला किमान एक पर्याय द्यावा असं बंधन शिफारस-प्रणालींवर घातलं आहे. तसं सगळीकडे व्हावं.

सामान्य माणसाने आज काय करावं, हे कुणी सोप्या शब्दांत सांगेल का?

कोरा कागद

मी जे करून पाहिलं ते सांगते.

गूगल खात्यात 'वेब आणि अॅप अॅक्टिव्हिटी' या नावाखाली सगळे शोध तारीखवार दिसतात. मी पहिल्यांदाच उघडून पाहिलं आणि अर्धा तास वाचतच बसले. तिथे नोंद बंद करता येते, किंवा ३, १८ वा ३६ महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असं ठरवता येतं. २०२० च्या जूनपासून नव्या खात्यांना १८ महिने हे आपोआप लागू आहे, पण माझं खातं जुनं, त्यामुळे माझ्याकडे काहीच ठरवलेलं नव्हतं. मी ३ महिने केलं. बोरूंनी सांगितलं तसं तीन वर्षांपूर्वीचं कुणाच्याच उपयोगाचं नाही. जाहिरातींचं पर्सनलायझेशन वेगळ्या ठिकाणी बंद करावं लागतं, तेही केलं. निळावंती, तिथे काही संवेदनशील विषयांच्या जाहिराती कमी दाखवा असंही सांगता येतं. आजाराचा विषय त्या यादीत मला दिसला नाही. असायला हवा.

खाजगी खिडकीबद्दल एक गैरसमज माझाही होता. तिच्यात आधीचा इतिहास आणि खातं बाजूला राहतं, पण ठिकाण लपत नाही, कारण ते नेटवर्कच्या पत्त्यावरून कळतंच.

काल रात्री बहिणीला घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला. दोघी एकाच वायफायवर, दोघींच्या खाजगी खिडक्या, औषधाचं तेच नाव, तेच शब्द. पहिले सहा दुवे त्याच क्रमाने आले. सातवा आणि आठवा उलटसुलट. पान ताजं केलं तर माझ्याच फोनवर ते दोन पुन्हा जागा बदलून बसले.

मग लॉग-इन करून पाहिलं. माझ्याकडे एक पान दोन जागा वर आलं. ते मी गेल्या आठवड्यात त्याच कामासाठी उघडलेलं पान होतं. बहिणीने ते उघडलंच नव्हतं, म्हणून मी तिला दुवा पाठवला आणि आम्ही दोघींनी ते शेवटपर्यंत वाचलं.